आई, आमचं भांडण झालेलं नाही, मला नागीण झालीय

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेलो की आई रडायला लागते आणि बाबा लगेच "घे, आईशी बोल" करून सुटतात, म्हणून सगळं एकदाच टाइप करून पाठवतोय. बाबा, चष्मा लावून आईला वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

व्हिडिओ कॉलवर मागे हॉलमधल्या दिवाणावर मृणालची उशी-चादर दिसली त्यावरून आईने मावशीला काय काय सांगितलंय ते माझ्यापर्यंत पोचलं. आमचं भांडणबिंडण काही नाहीये. मला नागीण झालीय आणि मृणालला लहानपणी कांजण्या आलेल्याच नाहीत, म्हणून ती हॉलमध्ये आणि मी बेडरूममध्ये, बास.

दोन्हीचा व्हायरस एकच असतो. मी चौथीत असताना मला कांजण्या आल्या होत्या, तू अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरायचीस, तर ते फोड गेले पण व्हायरस अंगातून गेलाच नव्हता, पाठीच्या कण्याजवळ नसांच्या मुळाशी इतकी वर्षं गुपचूप पडून होता आणि आता उठला. वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की उठतो म्हणतात, पण कधी कधी काहीच कारण सापडत नाही. माझी शुगर तपासली, नॉर्मल आहे. दृष्ट लागलेली नाही, मीठमोहऱ्या वाया घालवू नकोस.

आधी अंगावर काही नव्हतंच, नुसती डाव्या बरगडीत आग, मला वाटलं हार्टचं काहीतरी, ईसीजी काढला तो व्यवस्थित निघाला, आणि मग दोन दिवसांनी पाठीपासून पुढे छातीखालपर्यंत फोडांचा पट्टा उठला. दुखतं, खोटं कशाला सांगू. बनियन नुसता घासला तरी करंट बसल्यासारखं होतं. पण आई, ते जे तू म्हणालीस ना, नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस वाचत नाही, ते डोक्यातून काढ. व्हायरस ज्या नसेत असतो त्या नसेच्याच वाटेने फोड येतात, आणि ती नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून पट्टा मधोमध येऊन थांबतो. वेढा पूर्ण व्हायचा प्रश्नच सहसा येत नाही. डोळ्याजवळ आली असती तर मात्र खरंच घाई करावी लागली असती, माझी तिथे नाहीये.

गेरू आणि दूर्वांचा लेप नको, आणि तो नागीण उतरवणारा माणूस तर अजिबात नको. फुटलेल्या फोडांवर काहीबाही लावलं तर वरून पू व्हायचा. असायक्लोविर चालू आहे, 800 ची गोळी दिवसातून 5 वेळा, ती पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केली तर जास्त चांगली लागू पडते आणि आपली वेळेत सुरू झाली. सोबत भरपूर पाणी, आणि रात्री नसांच्या दुखण्याची एक गोळी, त्यामुळे सकाळी जरा गुंगी असते, म्हणून तुझा सातचा फोन उचलत नाही.

आता मृणालचं. माझ्यामुळे तिला नागीण होणार नाही, पण फोडातलं पाणी लागलं तर कांजण्या होऊ शकतात, आणि मोठ्या वयात कांजण्या लहान मुलांपेक्षा फार त्रास देतात, कधी कधी न्यूमोनियापर्यंत जातं. म्हणून खपली धरेपर्यंत पट्टा झाकून ठेवायचा, टॉवेल-चादर वेगळी, माझे कपडे मीच मशीनला लावतो. गंमत म्हणजे पाठीवर माझा हात पोचत नाही आणि ड्रेसिंग करायला घरात तीच एकटी, पण तिने तर हात लावायचा नाही! शेवटी खालच्या मजल्यावरचे काका, एसटीतून रिटायर झालेले, त्यांना कांजण्या होऊन गेल्यात, ते रोज संध्याकाळी ग्लोव्ह्ज घालून पट्टी बदलतात आणि तेवढ्या वेळात जुन्या रातराणीच्या गोष्टी सांगतात. त्यांच्या नातवाला मात्र मी सध्या उचलून घेत नाही, तो दारात येऊन हात पसरतो तेव्हा जीवावर येतं.

डॉक्टरांनी मृणालची रक्ततपासणी केली, तिच्या अंगात कांजण्यांच्या अँटिबॉडीज नाहीत, म्हणून तिला लगेच लस दिली. संपर्कानंतर 3 ते 5 दिवसांत दिली तरी उपयोग होतो. दुसरा डोस महिन्या-दीड महिन्याने आहे. आणि आई, हे नीट वाच, ही लस घेतल्यावर कमीत कमी महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात, गरोदरपणात ती देतही नाहीत. तेव्हा "गोड बातमी कधी" हे आता दोन-तीन महिने तरी तिला विचारू नकोस. ती काही बोलत नाही पण फोन ठेवल्यावर बराच वेळ गप्प असते. विचारायचंच असेल तर मला विचार.

तुम्हा दोघांना कांजण्या होऊन गेल्यात त्यामुळे माझ्याकडून तुम्हाला काही लागणार नाही, यायचं तर खुशाल या. पण बाबा, तुमची स्वतःची नागीण कधीही उठू शकते, वय 69 आणि त्यात शुगर. वय जास्त असलं की फोड गेल्यावरही महिनोन्महिने नस दुखत राहू शकते आणि ते मला तुमच्या बाबतीत नकोय. त्याची वेगळी लस आहे, शिंग्रिक्स, 2023 पासून भारतात मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने दोन डोस. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. महाग आहे, हो, पण पैसे मी पाठवतोय, त्यामुळे "कशाला उगीच" हे चालणार नाही. आईचंही विचारून घ्या. सोमवारी शुगर दाखवायला जाल तेव्हाच डॉक्टरांकडे विषय काढा आणि ते काय म्हणतात ते मला मेसेज करा. आईकडे फोन देऊ नका.

तुमचा,
संदीप

ता. क. मेतकूट संपलंय. तोंडाला चव नाही, मऊ भातावर तेवढंच जातं. कुरियर कर.