अमेरिकेची घसरण आणि वऱ्हाडचा कापूस

मा. संपादक,
स.न.

अमेरिकेच्या आर्थिक घसरणीवरच्या बातम्या सध्या आमच्या पारावर मोठ्या चवीने वाचल्या जातात. ‘बरी जिरली’ असाच बहुतेकांचा सूर असतो. घसरण खोटी नाही. तिथल्या सरकारचे कर्ज 2025 मध्ये 38 लाख कोटी डॉलरवर गेले, संरक्षणापेक्षा व्याजावर जास्त पैसा जातो. 2011 मध्ये एस अँड पी, 2023 मध्ये फिच आणि मे 2025 मध्ये मूडीज या पतमापन संस्थांनी तिची अव्वल पत काढून घेतली. पण कापूस पिकवणाऱ्याने यात आनंद मानावा असे मला काही दिसत नाही.

तिजोरी खिळखिळी झाली तरी गिऱ्हाईक म्हणून अमेरिका आजही सर्वांत मोठी आहे, आणि त्याच जोरावर ती आपली तूट दुसऱ्यांच्या माथी मारते. 27 ऑगस्ट 2025 पासून तिथे जाणाऱ्या बऱ्याचशा भारतीय मालावर 50 टक्के आयात कर बसला. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपड्यांची निर्यात अडचणीत आली. इकडे गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी म्हणून केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग 31 डिसेंबर 2025 पर्यंत माफ केले. नेमका आमच्या वेचणीचा हंगाम! बाहेरून येणाऱ्या त्या गाठींत अमेरिकेचाही कापूस आहे, हे तर फारच झोंबते.

लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. प्रत्यक्षात व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात खुपसतो, तळचा कापूस मुठीत दाबून पाहतो, ‘ओल आहे’ म्हणतो आणि कितीतरी खालचा भाव बोलतो. सरकारी केंद्रावर 12 टक्क्यांवर ओलावा चालत नाही. कापूस वाळवत बसायला घरात जागा नाही, आणि वेचणीची मजुरी तर रोख द्यावी लागते. मग माणूस देऊन मोकळा होतो.

अमेरिकेतल्या उलथापालथीची झळ वऱ्हाडाला नवी नाही. 1861 मध्ये तिथे यादवी पेटली, इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या, भाव आकाशाला भिडले. 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. चढ-उतार दोन्ही तिकडचे, नुकसान मात्र इथल्या कुणब्याचे.

31 डिसेंबर 2025 नंतर अशी शुल्कमाफी एक दिवसही देऊ नये. माफीच्या काळात हमीभावाखाली विकलेल्या कापसाला भावफरक मिळावा. अमरावतीच्या पीएम मित्र पार्कचे, म्हणजे केंद्राच्या योजनेतल्या कापड उद्योगाच्या वसाहतीचे, भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये झाले. तिथे सूत कधी निघणार, हे सरकारने तारखेसह सांगावे. आपल्या वार्ताहरांनी हा प्रश्न लावून धरावा, ही विनंती.

— एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ