लघवीतून खत काढलं, मग उरलेल्या पाण्याचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लघवीपासून खत बनवलं अशी बातमी आली की फोटो ठरलेला, वाटीत पांढरी पावडर. ती पावडर म्हणजे स्ट्रुव्हाइट, मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक, खत म्हणून चांगलंच आहे, मातीत हळूहळू विरघळतं, तक्रार त्याबद्दल नाहीच. पण ती काढून घेतल्यावर टाकीत जे उरतं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही आणि माझ्या मते खरा माल तिथेच आहे, धोकाही तिथेच.

साठवलेल्या लघवीत बॅक्टेरिया युरियाचा अमोनिया करून टाकतात, पीएच ९ च्या आसपास जातो. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड टाकून ढवळलं की काही मिनिटांत बारीक पांढरे स्फटिक धरायला लागतात, तळाशी बसतात, कापडातून गाळायचे आणि वाळवायचे, झालं. (युरिनलचे पाइप चोंदवणाऱ्या त्या टणक थरातही बरंचसं हेच असतं.) फॉस्फरस ९० टक्क्यांच्या वर निघतो आणि ते खरंच मोठं काम आहे, कारण जगातला फॉस्फेट खडकाचा बहुतेक साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारात एकवटलाय. पण नायट्रोजनचं काय? स्ट्रुव्हाइटमध्ये फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचा एकच अणू जातो, लघवीत मात्र तो वीसपटीहून जास्त असतो. म्हणजे जवळपास ९५ टक्के नायट्रोजन, बहुतेक सगळं पोटॅश, मीठ आणि आपण घेतलेल्या औषधांचे अंश हे सगळं वरच्या निवळीतच राहतं. झाकण उघडलं तर अमोनियाच्या भपक्याने डोळे चुरचुरतात. ही निवळ गटारात सोडायची? नदीत गेली तर अमोनियाने मासे मरतात आणि नायट्रोजनवर शेवाळ माजतं.

घरगुती सांडपाण्यात लघवी जेमतेम १ टक्का असते, पण त्यातला ८० टक्के नायट्रोजन तिचा. खत कारखाने प्रचंड एनर्जी खर्चून हवेतला नायट्रोजन पकडतात आणि सांडपाणी प्रकल्प वीज जाळून तोच परत हवेत सोडतात, हे बघून जीव तुटतो हो.

उपाय नाही असंही नाही. स्वित्झर्लंडच्या इआवाग संस्थेने स्ट्रुव्हाइटवर न थांबता सगळी लघवीच हाताळली. आधी बॅक्टेरियाकडून अर्ध्या अमोनियाचं नायट्रेट करून घ्यायचं, त्याने पीएच उतरतो, अमोनिया उडून जात नाही, वासही जातो. मग अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमधून, म्हणजे शोषून घेणाऱ्या खास कोळशातून काढून औषधांचे अंश अडकवायचे आणि शेवटी डिस्टिलेशन करून पाणी वेगळं काढायचं. जे घट्ट द्रव उरतं त्याला ऑरिन नावाने तिथे २०१८ मध्ये खाण्याच्या पिकांसाठीसुद्धा परवानगी मिळाली. डिस्टिलेशनला वीज लागते, ते लपवायचं कारण नाही. तेवढी वीज परवडत नसेल तर निवळीतून हवा खेळवून अमोनिया बाहेर काढायचा आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये धरायचा, अमोनियम सल्फेट मिळतं, फक्त पोटॅश आणि औषधांचे अंश मागे राहतात, त्यांची सोय वेगळी लावावी लागते.

म्हणून विनंती एवढीच, अशा प्रकल्पाची बातमी छापाल तेव्हा किती किलो पावडर निघाली याच्या शेजारी निवळ किती लिटर उरली, त्यात नायट्रोजन किती होता आणि ती कुठे गेली हेही विचारून छापा.

आपला,
एक नियमित वाचक