वॉर्डातल्या सिस्टरना, उघड्या डोळ्यांच्या श्वासासाठी थँक्यू

सिस्टर, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. मी तो कोपऱ्यातल्या बेडवरचा, स्किझोफ्रेनियावाला, पहिले दोन दिवस तोंड न उघडलेला.

अ‍ॅडमिट झालो तेव्हा जो तो एकच सांगायचा, टेन्शन घेऊ नको. अहो पण मी काय हौसेने घेतो का! रात्री कोणीतरी ओरडतंय, दाराला कुलूप, त्यात माझ्या कानातले आवाज वेगळेच. रिलॅक्सेशनच्या ग्रुपमध्ये डोळे मिटा म्हणायचे आणि मिटले की आवाज डबल, म्हणून मी उठून गेलो तर पेशंट सहकार्य करत नाही अशी नोंद झाली. तुम्ही मात्र मागून आलात आणि एवढंच विचारलंत, डोळे मिटल्यावर काय होतं रे?

मग खिडकीकडे बघत, डोळे उघडे ठेवूनच शिकवलंत, मूठ आवळायची, पाच मोजायचे, सोडायची, मग खांदे, आणि श्वास सोडताना जरा लांबवायचा. दोन-तीन मिनिटं, बास. स्नायू ताणून सोडायची ही पद्धत जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1920 च्या दशकात मांडली हे नंतर कळलं, मी तर तुमचीच समजत होतो. आवाज वाढले की हळू गुणगुणायचं हेही तुमचंच. मला लागू पडलं, सगळ्यांना पडेलच असं नाही.

पण खरे आभार पायांसाठी. नवीन गोळी सुरू झाल्यावर एका जागी बसवेचना, नुसत्या येरझाऱ्या, सगळे म्हणाले स्ट्रेस, मीपण बिचारा श्वास मोजत बसलो (म्हणजे फिरत!). तुम्ही विचारलंत, बेचैनी मनात आहे का पायात? पायात. लगेच डॉक्टरांना सांगितलंत, ते म्हणाले अकॅथिसिया, अँटिसायकोटिक म्हणजे आवाज-भास कमी करणाऱ्या गोळ्यांनी होतं असं, डोस बदलला आणि काही दिवसांनी मी बसून जेवलो. तुम्ही विचारलं नसतं तर मी चिडून गोळीच बंद केली असती, खरं सांगतो.

आईलाही बाजूला घेऊन समजावलंत, भेटायला आल्यावर प्रश्नांचा भडिमार नको, एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात. घरात सतत टीका असली की आजार उलटायची शक्यता वाढते हे ऐकून ती रडली, तेव्हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही हेही तुम्हीच सांगितलंत. आता ती टोमणा मारता मारता मधेच थांबते, हसूच येतं.

डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर आजार उलटायला लागल्याची माझी लक्षणं लिहून दिलीत, झोप कमी, आंघोळ टाळणं, टीव्हीवाले माझ्याबद्दल बोलतायत असं वाटणं. मागच्या महिन्यात सलग तीन रात्री झोप उडाली, कार्ड काढलं आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. अ‍ॅडमिट व्हावं लागलं नाही. पाकिटात राहून तुमचं अक्षर पुसट झालंय, परवा पेनने गिरवून घेतलं.