शहाबादी फरशीला लिंबू लावू नका हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी क्लीनर बनवून पैसे वाचवा असा एक लेख आला होता. मी तो कापून फ्रिजवर चिकटवला आणि अगदी जसं लिहिलंय तसं केलं, त्यामुळं आता दोन शब्द लिहायचा हक्क मला आहे असं समजते. कृती अशी होती की व्हिनेगर, लिंबाचा रस, चिमूट-दोन चिमूट खायचा सोडा, वरून वासाचं तेल, हे सगळं स्प्रेच्या बाटलीत भरायचं आणि फरशी, ओटा, नळ, काच कुठंही मारायचं.

आमच्या देवघरासमोर शहाबादी फरशी आहे, सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाची. दोन दिवस मी ती या पाण्यानं पुसली, तिसऱ्या दिवशी सकाळी दारातून ऊन आत आलं तेव्हा दिसलं, फडकं जसं जसं फिरलं तसे पांढुरके पट्टे आणि जिथं बाटली ठेवली होती तिथं एक गोल, चंद्रासारखा. आधी वाटलं पुसायचं राहिलं असेल, म्हणून अजून मारलं. आता काय बोलावं.

मुलगी बीएस्सीला आहे, ती सुट्टीत आली तर हसायलाच लागली. म्हणे आई, शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर आंबट पडलं की वरचा थर विरघळतो, कडप्पा आणि संगमरवराचंही तेच. आणि सोडा अन् व्हिनेगर एकत्र केलं की फेस येतो तो दिसायला भारी, पण दोघं एकमेकांना मारतात, मागं राहतं ते जवळजवळ खारट पाणी. तुझ्यात सोडा कमी आणि आंबट जास्त होतं म्हणून फरशी गेली, सोडा बरोबरीचा असता तर फरशी वाचली असती पण साफही काही झालं नसतं!

आता पैशाचं. मी वहीत खर्च लिहिते, लग्न झाल्यापासूनची सवय. व्हिनेगरची बाटली 60, सहा लिंबं उन्हाळ्याच्या भावानं 60, सोड्याचं पाकीट 30 आणि ती बोटभर तेलाची बाटली 250. म्हणजे 400 रुपये, आणि फरशी पुसायचं नेहमीचं लिक्विड आणते ते 200 ला लिटर, दीड महिना जातं. तेल उरतं हे मान्य, पण उरलेल्या तेलाचं मी काय करू? ह्याला बचत म्हणायचं का?

आमच्या सासूबाई चिंचेनं पितळ घासायच्या, पण घासायला म्हणून चिंच कधी विकत आणली नाही त्यांनी. आमटीला, साराला कोळ काढला की जो चोथा राहतो तो वाटीत झाकून ठेवायच्या, महालक्ष्म्यांच्या आधी दोन-तीन दिवसांचा जमला की त्यात मीठ आणि चुलीतली राख. समईला तो चोथा लावून अंगठ्यानं गोल गोल फिरवला की काळं पाणी निघतं आणि खालून पिवळंजर्द पितळ वर येतं, ते बघायला मला अजून आवडतं. फक्त लगेच धुवून कोरडं पुसायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत हिरवट डाग. आमसुलाचंही तसंच, सोलकढी झाली की आमसुलं फेकायची नाहीत. हे फुकट होतं कारण ते उरलेलं होतं, हा मुद्दा त्या लेखात कुठंच नव्हता. आता चूल नाही तर राख कुठली, ती म्हणे ऑनलाइन पाकिटात मिळते, भांडी घासायची राख!! सासूबाई असत्या तर त्यांनी मला पाकिटासकट बाहेर काढलं असतं.

बरं, खरी बचत आमच्याकडं कशात झाली ते सांगते. आम्ही लातूरचे, 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते लातूर. बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेसच येत नाही, मग माणूस पावडर वाढवत जातो, दोन मापं, तीन मापं, आणि मग ती निघावी म्हणून अजून दोन बादल्या पाणी. किराणा दुकानात धुण्याचा सोडा मिळतो, खायचा नाही, धुण्याचा, आमच्याकडं 50 रुपये किलोनं. बादलीभर पाण्यात एक मोठा चमचा आधी टाकायचा, ढवळून दहा मिनिटं थांबायचं, पाणी जरा गढूळ दिसतं म्हणजे क्षार खाली बसायला लागले, आणि मग पावडर घालायची, निम्मी पुरते. आम्हाला महिन्याला 3 किलो पावडर लागायची, आता दीड लागते. 100 रुपये किलो धरली तर 150 वाचले, सोड्याचे 30-40 गेले, तरी शंभराच्या वर हातात. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना मात्र नको, अल्युमिनियमच्या भांड्यांना तर अजिबात नको, काळीठिक्कर पडतात (एक कढई गेली आमची), आणि हातमोजे घाला, कातडं कोरडं पडतं.

नळावर त्याच पाण्याचे पांढरे थर बसतात, त्यावर लिंबाऐवजी लिंबूसत्व, ढोकळ्यात घालतो तेच. 100 ग्रॅम 30 रुपयाला आणलं ते चार महिने चाललंय. कपभर कोमट पाण्यात एक चमचा, त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचं आणि धुवून टाकायचं. शहाबादीवर ठिबकू देऊ नका हे आता मी सांगायला नको.

फळांच्या सालींचं बायोएन्झाईम, म्हणजे साली आंबवून केलेलं क्लीनर, तेही केलं मी, गूळ 1, साली 3, पाणी 10 या मापानं, तीन महिने ठेवायचं असतं. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून आतला गॅस सोडायचा असतो, मी गावाला गेले आणि ह्यांच्या लक्षात राहिलं नाही, रात्री दोनला झाकण उडालं, हे चोर आला म्हणून काठी घेऊन स्वयंपाकघरात. जे उरलं ते सिंक आणि डस्टबिनसाठी चांगलं आहे, खोटं का बोला. पण हेही आंबटच, आणि जंतू मारायला त्याच्यावर विसंबू नका.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. दिवाळीच्या साफसफाईत ह्यांनी दोन्ही एकत्र केलं तर डबल काम होईल म्हणून टॉयलेट क्लीनरवर ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं, दार लावून. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. खोकत खोकत बाहेर आले, डोळ्यातून पाणी, डॉक्टरांकडं न्यावं लागलं, दोन दिवस छातीत जळजळ. व्हिनेगर अन् ब्लीचचंही हेच होतं. घरगुती म्हणजे निरुपद्रवी असं समजून लोक काहीही कशातही मिसळतात, म्हणून मोठ्या अक्षरात छापा की ब्लीचमध्ये पाण्याशिवाय काहीही घालायचं नाही.

तर विनंती एवढीच की अशी कृती छापली की खाली एका ओळीत कुठल्या दगडाला, कुठल्या भांड्याला चालत नाही ते द्या, आणि सामानाची किंमत पण द्या, लिंबाच्या उन्हाळी भावानं. बाकी आमच्या फरशीला पॉलिशवाला 2800 सांगतोय, देवघरासमोरची तेवढीच. वहीत ते कुठल्या खात्यात लिहू, बचतीच्या का?

आपली जुनी वाचक,
लातूर