घरं मोजायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

खानापूरच्या वाचनालयात तुम्ही ग्राफच्या वहीचं एक पान फाडून, आकड्यांवरून चित्र उमटवायच्या कोड्यांचे म्हणजे नोनोग्रामचे चांगले खेळ कसे निवडायचे, ते लिहून दिलंत. त्या पानाच्या झेरॉक्स आता निपाणीपर्यंत पोचल्यात, म्हणून आभारही उघडच मानतोय.

सगळ्यात कामाला आली ती तुमची पहिली अट: अंदाज करावा लागला तर दोष कोड्याचा. आकडा म्हणजे त्या ओळीत किंवा रकान्यात सलग काळी करायची घरं. दोन बाय दोनच्या चौकटीत प्रत्येक ओळीला आणि रकान्याला १ लिहून तुम्ही दाखवलंत. तिरपी दोन घरं या बाजूनं काळी करा नाहीतर त्या बाजूनं, दोन्ही उत्तरं बरोबरच! मोठ्या कोड्यात असेच चार कोपरे दडलेले असतात आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. कोड्याला एकच उत्तर असल्याची हमी नसेल, तर तो खेळ उतरवूच नये.

चूक झाली की लगेच लाल दाखवणाऱ्या खेळांबद्दलही तुमचं बरोबर होतं. ती मदत नसते, उत्तर फोडणं असतं. १९९५ च्या, गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरच्या ‘मारिओज पिक्रॉस’ या नोनोग्रामच्या खेळातही चूक कळायची, पण ३० मिनिटांतून आधी २, मग ४, मग ८ मिनिटं कापली जायची. आजच्या बऱ्याच फुकट खेळांत जाहिरात बघितली की गेलेला जीव परत. सेटिंगमध्ये चूक दाखवणं बंद करता येतं का, ते आधी बघायचं. तसंच डेटा बंद करून खेळ उघडून बघायचा. पावसाळ्यात आपल्याकडे नेटवर्कचा काय भरवसा!

प्रोग्रामर सायमन टॅथम यांच्या कोड्यांच्या संग्रहातला ‘पॅटर्न’ या सगळ्यात बसतो: फुकट, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही, चौकट हवी तेवढी. फक्त शेवटी चित्र निघत नाही, काळी ठिगळं निघतात. चित्राची हौस असेल त्यानं दुसरीकडे जावं. आणि फोनवर १५ बाय १५ च्या पुढे गेलं की बोट शेजारच्या घरावर पडतं, हे खरंच.

सोडवायची रीत तर तुम्ही एका ओळीत बसवलीत. दहा घरांच्या ओळीवर ४ ३ असे आकडे आहेत, म्हणजे सलग चार काळी घरं, मग निदान एक रिकामं सोडून सलग तीन. चार, मधलं एक रिकामं, तीन, म्हणजे आठ घरं. सैल राहिली दोन. प्रत्येक आकड्यातून ही सैल घरं वजा करायची. चारातली दोन घरं पक्की, तीनातलं एक. गट डावीकडे चेपून आणि उजवीकडे चेपून बघितले की तिसरं, चौथं आणि आठवं घर दोन्ही वेळा काळंच राहतं. सैल घरं आकड्याएवढी किंवा जास्त असतील, तर ती ओळ तूर्त सोडायची, उभ्या रकान्याकडे वळायचं.

फुलीचं मात्र कुणाला पटत नव्हतं. काळं नाही हे नक्की झालेल्या घरात फुली मारली नाही, तर पुढच्या वेळी उरलेली जागा जास्त मोजली जाते आणि पुढचं गणित बिघडत जातं. आपल्याकडच्या कसुती भरणाऱ्या बायकांना हे सांगावं लागणार नाही. कापडाचे धागे मोजताना सोडलेला धागासुद्धा मोजावाच लागतो.

रंगीत कोड्यांत दोन वेगळ्या रंगांच्या गटांमध्ये रिकामं घर लागतंच असं नाही, ही तुमची तळटीप झेरॉक्समध्ये कापली गेली होती. त्यामुळे बरेच जण तिथेही मधलं एक घर धरून आठ मोजत होते, आणि चित्र काही जुळत नव्हतं. आता ती हातानं लिहून जोडलीय.

पुढच्या खेपेला दोन ओळींना मिळून एक आकडा असतो त्या मेगा पिक्रॉसचं पान लिहून द्या. ग्राफची वही आम्ही आणतो.

तुमचेच,
वाचनालयातल्या खिडकीकडच्या टेबलावरचे