अल्टरनेटरवाल्या काकांना

आदरणीय काका,

माझ्या जुन्या गाडीला तुम्ही अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवणारा भाग, दिलात, त्याबद्दल इंग्रजीत आभाराचं कार्ड पाठवलं होतं, ते पोचलं असेल. चार ओळी आणि खाली सही. त्यात माझं काही समाधान झालं नाही, म्हणून हे पत्र माझ्या भाषेत, चारचौघांसमोर लिहितेय. तुम्हाला ते वाचता येणार नाही. माझी मुलगी फोनवर तिला जमेल तसं सांगेल. आणि काका म्हटलेलं चालवून घ्या. समोर असताना तुम्हाला इथल्या पद्धतीने नावाने हाक मारते खरी, पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाला मराठीत एकेरी नावाने बोलवायला जीभ रेटत नाही.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही सिनसिनाटीला राहतो. शेजारच्या आजींच्या गॅरेजमध्ये त्यांच्या यजमानांची १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो ताडपत्रीखाली उभी होती. त्यांनी ती भंगारात न देता मला विकली. पोस्टरवर असते तसली पट्टेवाली, गुरगुरणारी कॅमॅरो नव्हे ही. गडद हिरवा रंग, ३०७ घनइंचाचं साधं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन, पॉवरग्लाइड नावाचा दोनच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एसी नाही. बँकेतला माणूस सकाळी डबा घेऊन ऑफिसला नेईल अशी सभ्य गाडी. तिचा जन्म आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, नॉरवुडच्या कारखान्यात झाला. तो कारखाना १९८७ मध्येच बंद पडला. इंजिनामागच्या पत्र्यावरच्या पट्टीवर ‘०४बी’ असं कोरलंय, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. तेव्हा मनाशी ठरवलं की गाडी करायची तर कारखान्यातून निघाली होती तशी करायची.

गाडीत बसवलेला अल्टरनेटर मात्र भलत्याच काळातला निघाला. ६९ च्या कॅमॅरोत डेल्को-रेमी कंपनीचा १०डीएन जातीचा अल्टरनेटर यायचा. त्याचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, वेगळा असतो, स्वतंत्र डबीत. नंतर १०एसआय आला, त्यात रेग्युलेटर पोटातच असतो. १९७३ पर्यंत शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत सगळीकडे तोच झाला. माझ्या गाडीत कुणीतरी हा नंतरचा कोंबला होता आणि त्यासाठी मूळच्या वायरी कापून वर काळी टेप गुंडाळली होती. गाडी चालायची म्हणा. हा नंतरचा अल्टरनेटर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, जुन्यापेक्षा जास्त करंट देतो, हेही मला मान्य आहे. रोज हायवेवर काढायची असेल तर खुशाल तो लावावा. पण माझ्या गाडीत दिवे, वायपर, हीटर आणि एक एएम रेडिओ. तिला मूळचे ३७ अँपिअर पुरून उरतात.

आता काका, तुमच्या आधी भेटलेल्या लोकांबद्दल बोलू द्या. तुम्ही कुणाला नावं ठेवत नाही. मी ठेवते.

पहिले भेटले पार्टच्या दुकानातले. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये साल घातलं, मॉडेल घातलं आणि आतून एक चकचकीत खोकं आणून ठेवलं. ‘लाइफटाइम वॉरंटी, मॅडम.’ आत अल्टरनेटर होता हे खरं. त्याचं पुढचं अर्धं कवच एका गाडीचं, मागचं अर्धं दुसऱ्या गाडीचं, सगळ्यावर वाळूचा मारा करून वर चंदेरी रंग फासलेला आणि नंबर आणि बनल्याची तारीख ठोकलेली असते तिथे ग्राइंडर फिरवलेला. वर जुना अल्टरनेटर जमा करा, नाहीतर त्याचे पैसे वेगळे! या जमा करण्याच्या पद्धतीनेच या देशातले हजारो मूळ अल्टरनेटर एका मोठ्या पिंपात जाऊन पडले. तुमचा आत जातो आणि दुसऱ्याच कुणाचा बाहेर येतो. चालत्या गाडीला त्याने काही फरक पडत नाही, पण जुनी गाडी जशीच्या तशी करणाऱ्याचा त्यात सत्यानाश होतो.

दुसरे महाशय ‘तारखेसकट अस्सल माल’ विकणारे. किंमत ऐकूनच घाम फुटला. खोकं उघडलं तर तारीख जूनची! गाडी एप्रिलमध्ये कारखान्याबाहेर पडली आणि तिचा अल्टरनेटर जूनमध्ये तयार झाला, हे गणित त्यांना फोनवर समजावता समजावता माझा आवाज चढला. त्यावर उत्तर काय, तर ‘तुमच्या मिस्टरांना फोन द्या, मी त्यांना सांगतो.’ आमच्या मिस्टरांना अल्टरनेटर बॉनेटखाली असतो की डिकीत, हेही छातीठोक सांगता यायचं नाही. तिसऱ्याचा अल्टरनेटर तारखेला जुळत होता. फक्त ती तारीख ठोकून महिनाही झाला नसावा. मूळ आकडे घासून सपाट केलेल्या जागेवर नवे ठोकलेले, आणि आजूबाजूचं ओतीव अॅल्युमिनियम जसंच्या तसं खरबरीत. नुसत्या बोटाला कळत होतं. पैसे परत मागितले तर बहाद्दराने फोन उचलणंच बंद केलं.

अशा अवस्थेत तुमचा नंबर मला मिळाला. फोन तुम्ही स्वतः उचललात आणि पहिला प्रश्न विचारलात, ‘पट्टीवर काय लिहिलंय?’ मिस्टर कुठे आहेत, बजेट किती, काही नाही. मी ०४बी म्हटलं. तुम्ही थोडं थांबलात आणि म्हणालात, ‘म्हणजे मार्चचा हवा. फेब्रुवारीच्या शेवटचाही चालेल. बघतो.’ एवढं बोलून ठेवून दिलात. मला वाटलं, गेला हाही.

थोड्या दिवसांनी पोस्टाने एक पाकीट आलं. साधं पांढरं पाकीट, तिकीट जरा तिरकं लावलेलं. आत पातळ कागदाचा एक तुकडा आणि त्यावर पेन्सिलीने घासून उठवलेला ठसा. आपल्याकडे गाडी नावावर करताना आरटीओच्या फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट चिकटवतात ना, अगदी तसा. करड्या पट्ट्यात पांढरे आकडे उमटले होते. ११०० ने सुरू होणारा सात आकडी नंबर, पुढे ३७ए आणि शेवटी ९सी१२. नऊ म्हणजे १९६९, सी म्हणजे वर्षाचा तिसरा महिना, बारा ही तारीख. १२ मार्च १९६९. कागदाच्या कोपऱ्यात तुमच्या थरथरत्या अक्षरात एकच ओळ: ‘आधी नीट बघा, पैशाचं नंतर बोलू.’

काका, हे पत्र खरं तर त्या कागदासाठी आहे.

मी तो खिडकीशी नेला, मुलीचं शाळेतलं भिंग घेतलं आणि कितीतरी वेळ बघत बसले. आकड्यांच्या मधली जागा गुळगुळीत नव्हती. ओतकामाचे बारीक बारीक ठिपके पेन्सिलीत उतरले होते, आणि सी च्या डाव्या बाजूला जुन्या कुठल्यातरी पान्याचा ओरखडाही. ग्राइंडर फिरला असता तर तिथे नुसता सपाट काळा डाग आला असता. फोटो पाठवणं तुम्हाला सोपं होतं, नातवाने क्षणात काढून दिला असता. मागून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात की फोटोत उजेड हवा तसा पाडता येतो, पेन्सिलीला असलं काही जमत नाही. ज्या बाईला तुम्ही पाहिलंही नव्हतं, जिने एक पैसा दिला नव्हता, तिच्या हातात तुम्ही आधी पुरावा ठेवलात. इतके दिवस मीच सगळ्यांकडे पुरावा मागत होते आणि तो मागितला की समोरच्याला राग यायचा. तुम्ही तो न मागता दिलात, तोही तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून घालून.

पुढचं थोडक्यात सांगते. मी अँडरसनला आले. इंडियानातलं हे गाव एके काळी डेल्को-रेमीवर जगत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. रेमी बंधूंनी १८९६ मध्ये तिथे कंपनी काढली, पुढे ती जनरल मोटर्सची झाली, आणि भर होता तेव्हा जनरल मोटर्सच्या तिथल्या कारखान्यांत वीस हजारांहून जास्त माणसं कामाला होती. १९९४ मध्ये तो धंदा विकला गेला. तुम्ही गाडीतून मला त्या जागा दाखवत होतात, आणि बहुतेक ठिकाणी नुसतं गवत होतं. मी भाबडेपणाने विचारलं, हा अल्टरनेटर तुमच्याच हातून गेला असेल का? तुम्ही हसून म्हणालात, ‘नाही हो, मी तेव्हा स्टार्टरच्या लाइनवर होतो.’ दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. माझ्याकडून वर शंभर डॉलर नक्की सुटले असते!

तुमच्या गॅरेजमधली ती लोखंडी मांडणी, प्रत्येक अल्टरनेटरला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, ते पाहून मला नाना पेठ आठवली. तिथे ‘डायनामो, सेल्फ, वायरिंग’ अशी पाटी लावलेल्या एका खोपट्यात माझ्या बाबांची फियाट जायची. बाबांचा ठरलेला डायलॉग होता, ‘जुना पार्ट दाखव.’ तो मिस्त्री कुरकुरत का होईना, दाखवायचा. तुम्ही तर मी विचारायच्या आधीच जुनी बेअरिंगं, झिजलेले ब्रश आणि एक मेलेला डायोड कॉफीच्या डब्यात घालून माझ्या हातात दिलात. कवच मात्र घासलं नाहीत. चमक हवी असेल तर दुसरीकडे जा, असं जवळजवळ दटावलंत. नुसतं धुऊन घेतलंत, आणि धुताना नंबरवर टेप लावून ठेवलीत. आणखी एक गोष्ट मला माहीतही नव्हती. व्ही-एट कॅमॅरोत ६८ पर्यंत हा अल्टरनेटर ड्रायव्हरच्या बाजूला असायचा, ६९ ला पलीकडे गेला, म्हणून मागचं कवच त्या हिशोबाने फिरवून बसवावं लागतं, नाहीतर प्लग भलतीकडे तोंड करतो. तुम्ही ते करूनच दिलं होतंत. घरी आल्यावर दुरुस्त केलेली वायर कुठेही न ताणता बरोबर जागी पोचली.

सचोटी हा शब्द आम्ही भाषणात आणि श्रद्धांजलीत वापरतो. माल खोटा असला तरी गिऱ्हाइकाला कळणार नाही, अशा धंद्यात ती किती महाग पडत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. मी काही पारखी नव्हे. एखादा बरा ठोकलेला नकली नंबर तुम्ही माझ्या गळ्यात सहज मारू शकला असता आणि मी आनंदाने पेढे वाटले असते. तुम्ही तसं केलं नाहीत, आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली नाहीत. अशी माणसं सगळीकडे थोडी थोडी असतात, इंडियानात असतात, नाना पेठेतही असतात. आपल्याला ती उशिरा सापडतात, कारण जाहिरात नेमकी दुसऱ्यांची असते.

तो पेन्सिलीचा कागद मी गाडीच्या फायलीत प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलाय, मालकीच्या कागदांच्या वर. नवरा म्हणतो, फ्रेम कर. मी म्हटलं, उद्या कुणी गाडी तपासायला आला तर त्याच्या हातात काय देऊ?

आता एक तक्रार. तुम्ही अल्टरनेटरचे पैसे घेतलेत, पण दुरुस्तीचे घेतले नाहीत. ‘मला हात चालू ठेवायला काम हवंच असतं’ हे कारण मला पटलेलं नाही. त्याचा चेक मी कार्डासोबत पाठवलाय आणि बँकेच्या खात्यात रोज बघतेय, तो अजून वटलेला नाही. काका, तो वटवा. नाही वटवलात तर मी पुन्हा अँडरसनला येईन, आणि या वेळी मिस्टरांनाही घेऊन येईन. मग त्यांना अल्टरनेटर समजावून सांगायचं काम तुमच्याकडे.

तुमची,
हिरव्या कॅमॅरोवाली