हंगामी धबधब्यांना त्यांचा हंगाम राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की खानदेशात पाटणादेवी, मनुदेवी आणि तोरणमाळच्या धबधब्यांचा विषय निघतो आणि दरवर्षी त्यावर दोनच मागण्या होतात. तेथे सिमेंटच्या पायऱ्या, कठडे आणि वाहनतळ करून विकास करावा, ही एक. आणि एखादा जीव गेल्यावर तो परिसर बंद करावा, ही दुसरी. मागील वर्षी एप्रिल महिन्यात इटलीतील एका खेड्याजवळ असाच हंगामी धबधबा पाहण्याचा योग आला आणि तेव्हापासून या दोहोंपेक्षा वेगळा मार्ग आपल्याकडेही शक्य आहे असे मला मनापासून वाटू लागले, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुलगा नोकरीनिमित्त बोलोन्या शहराजवळ राहतो. त्याच्यासोबत रेल्वेने फोर्ली या गावी आणि तेथून बसने मोन्तोने नदीच्या खोऱ्यातून चढत सान बेनेदेत्तो इन आल्पे या अपेनाइन डोंगरातील खेड्यात गेलो. येथे तीन ओहळ एकत्र येऊन मोन्तोने नदी होते. त्यांपैकी एकाचे नाव अक्वाकेता, म्हणजे शांत पाणी. वरच्या सपाटीवर संथ वाहणारा हा ओहळ कड्याशी आला की सुमारे ७० मीटर खाली उतरतो. वालुकाश्म आणि चिकणमातीयुक्त मऊ खडक यांचे थर एकाआड एक रचलेले असल्याने त्या कड्याला आपोआप पायऱ्या पडल्या आहेत आणि पाणी एका धारेने न कोसळता पायरीपायरीवर पसरत येते. सातमाळ्याच्या काळ्या कातळावरून पडणारे पाणी डोळ्यांत साठवलेल्या माझ्यासारख्या भूगोलाच्या शिक्षकाला तो फरक पाहतच राहावा असा होता.

मात्र मला सर्वांत विचार करायला लावले ते तेथील ऋतूने. भूमध्य सागरी हवामानात पाऊस शरदापासून वसंतापर्यंत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे आपला पाटणादेवीचा केदारकुंड धबधबा श्रावणात गर्जत असतो, नेमका तेव्हा अक्वाकेता जेमतेम ओलसर कातळ होऊन राहतो. इटालियन भाषेत बारमाही नदीला एक शब्द आहे आणि अशा हंगामी, उतारावरून धावणाऱ्या प्रवाहाला ‘तोर्रेन्ते’ हा दुसरा शब्द आहे. आपणही नदी आणि नाला वेगळे मानतोच. गावातील नळाशी पाणी भरणाऱ्या एका वयस्कर बाईंनी मुलामार्फत आम्हाला विचारले, ‘आताच का आलात? आठवड्यापूर्वी पाऊस झाला तेव्हा खरी मजा होती.’ धबधबा केव्हा असतो आणि केव्हा नसतो, हे त्या गावात पाहुण्याला सहज सांगितले जाते आणि तो नसण्याला कोणी उणेपणा मानत नाही.

गावापासून धबधब्यापर्यंत दीड-दोन तासांची पायवाट आहे. मोटार जाऊ शकत नाही. वाट ओहळाच्या कडेने, चेस्टनटच्या झाडांतून जाते. दर थोड्या अंतरावर एखाद्या दगडावर किंवा खोडावर हाताच्या पंजाएवढी तांबडी-पांढरी रंगाची पट्टी असते. एका ठिकाणी शेवाळ चढल्याने पट्टीचा अर्धा भाग दिसेनासा झाला होता आणि शेजारच्या दगडावर कोणीतरी ताजी काढून ठेवली होती. १८६३ साली स्थापन झालेल्या इटालियन अल्पाइन क्लबचे स्वयंसेवक देशभर अशा खुणा राखतात. धबधब्याच्या अलीकडे एका जुन्या पाणचक्कीचे पडके घर लागते आणि पुढे समोरच्या उतारावरून धबधबा पूर्ण दिसतो. तेथे ना दुकान, ना गाडीरस्ता. हा सर्व भाग १९९३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात येतो.

दान्ते या कवीने सातशे वर्षांपूर्वी आपल्या महाकाव्यातील नरकवर्णनात या धबधब्याच्या गडगडाटाची उपमा दिली आहे. याच ओहळाचे पाणी पुढे मोन्तोनेतून राव्हेन्नाकडे जाते आणि दान्तेची समाधीही राव्हेन्नातच आहे. हे ऐकताना मला पाटणादेवीच्या शिलालेखाची आठवण झाली. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद त्या लेखात आहे आणि त्याच दरीत पावसाळ्यात केदारकुंड व धवलतीर्थ कोसळतात. असा ठेवा पायाशी असताना आपण तेथे जाऊन ध्वनिक्षेपक लावतो. मागील श्रावणात अशाच एका ठिकाणी (नाव लिहीत नाही, कारण दोष एका ठिकाणाचा नाही) पाण्यात उतरलेल्या माझ्या नातीच्या तळपायात फुटक्या बाटलीची काच गेली. ती काच अजूनही एका डबीत ठेवली आहे. हिरव्या रंगाची, नखाएवढी.

इटलीत सगळीकडे असेच असते असा माझा दावा नाही. त्याच देशात उंब्रिया प्रांतात मार्मोरे हा १६५ मीटरचा धबधबा आहे. इसवी सनापूर्वी २७१ मध्ये रोमनांनी दलदल उपसण्यासाठी कालवा काढून तो निर्माण केला. आज त्याचे बरेचसे पाणी वीजनिर्मितीकडे वळवले जाते आणि पर्यटकांसाठी ठरावीक वेळी सोडले जाते. तो माणसाने केलेला धबधबा आहे, त्याला वेळापत्रक शोभते. परंतु डोंगराच्या पोटातील लहान धबधब्यांना तसे वेळापत्रक लावण्याच्या फंदात पडू नये. आपल्याकडेही वर बंधारा घालून धबधबा दिवाळीपर्यंत चालवावा असे कोणी सुचवते तेव्हा मला काळजी वाटते, कारण अडवलेले पाणी खालच्या नाल्याच्या आणि विहिरींच्या वाट्याचे असते.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र खराच आहे आणि तो कठड्यांनी सुटणारा नाही. पाटण्याची दरी वरच्या कन्नड पठाराच्या काठाशी आहे. पठारावर ढग फुटतो तेव्हा खाली दरीत ऊन असू शकते आणि काही मिनिटांत नाला भरून येतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस डोंगरी व तितूर नद्यांना आलेल्या पुराने चाळीसगावची जी अवस्था झाली आणि कन्नड घाटात ज्या दरडी कोसळल्या, त्या आम्ही विसरलेलो नाही. डोंगरी हीच पाटणादेवीच्या दरीतून येते. आमच्या भागातील गुराखी अहिराणीत सांगतात, ‘नाला गढूळ जया का थांबानं नही’, म्हणजे नाला गढूळ झाला की थांबायचे नाही. स्वच्छ पाणी एकाएकी मातकट होणे, त्यात पाला व काटक्या येणे आणि वरून घुमणारा आवाज, या तीन खुणा बाहेरगावाहून आलेल्या तरुणांना ठाऊक नसतात आणि त्या सांगणारा फलक मला खानदेशातील एकाही धबधब्यावर आजवर आढळलेला नाही.

म्हणून संबंधितांना माझी कळकळीची विनंती अशी, की या वर्षी पायऱ्यांसाठी निधी मागण्याआधी प्रत्येक वाटेच्या तोंडाशी मराठीत व अहिराणीत एक साधा फलक लावावा. धबधबा साधारण कोणत्या महिन्यांत असतो, पाणी चढण्याच्या खुणा कोणत्या आणि त्या दिसताच कोणत्या बाजूने वर चढावे, एवढे त्यावर लिहिलेले पुरे. वनविभागाच्या संमतीने वाटेवर रंगाच्या खुणा कराव्यात. वाटाड्या म्हणून गावातील मुलांनाच नेमावे, म्हणजे चार पैसे तेथेच राहतील. वाहने गावाशीच थांबावीत आणि पाण्याची बाटली आत नेताना अनामत रक्कम घेऊन ती बाटली परत आणल्यावर द्यावी.

वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात हे धबधबे तीन-साडेतीन महिन्यांचेच राहणार. उरलेल्या महिन्यांत केदारकुंडाचा कातळ कोरडा असतो, तेव्हा त्यावरील पाण्याच्या जुन्या रेषा स्पष्ट दिसतात. मी शाळेची मुले तेथे फेब्रुवारीतही नेत असे आणि पाणी कोठून येईल हे ती बोटाने दाखवत. फलकांवरील मजकूर तयार करण्यास आणि रंगकामास मी व माझे काही माजी विद्यार्थी विनामोबदला तयार आहोत. मृग लागण्यापूर्वी परवानगी मिळाली, तर हे काम याच पावसाळ्याआधी पूर्ण होईल.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, चाळीसगाव (जि. जळगाव)